रानपिंगळा : एकशे तेरा वर्षांचा खंड

रानपिंगळा हे मध्य भारतातल्या पानझडी सागवनांत राहणारे लहान घुबड आहे. लांबी जेमतेम २३ सेंटिमीटर, वजन पाव किलोच्या आत. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्या दहा-अकरा वर्षांत त्याचे एकूण सात नमुने गोळा झाले आणि १८८४ नंतर हा पक्षी कोणत्याच अभ्यासकाच्या नजरेस पडला नाही. विसाव्या शतकात बहुतेकांनी तो नामशेष झाल्याचे गृहीत धरले होते. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी तो पुन्हा दिसला, तोही महाराष्ट्रातच, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी. मधल्या ११३ वर्षांत जंगल तुटले हे खरे; पण पक्षी सापडत नव्हता त्याची कारणे जंगलापेक्षा कागदांत आणि संग्रहालयांच्या कपाटांत जास्त होती.

सातारा-सांगलीच्या वाचकाला पिंगळा नवा नाही. कराडमध्ये कृष्णा-कोयनेच्या काठाने असलेल्या जुन्या चिंचा आणि वडांच्या ढोलीत, पडक्या वाड्यांच्या भिंतींत, मळ्यातल्या विहिरीवरच्या झाडांत जो सांजवेळी किरकिरत बाहेर पडतो तो साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके दाट पसरलेले असतात. कराडच्या पश्चिमेला कोयना आणि चांदोलीच्या रानात त्याचा दुसरा भाऊबंद भेटतो, तो जंगली पिंगळा. त्याच्या अंगावर ठिपक्यांऐवजी आडवे बारीक पट्टे असतात. रानपिंगळा यांपैकी कोणताच नव्हे, पण अंगापिंडाने साध्या पिंगळ्याच्या इतका जवळचा, की ओझरत्या नजरेला फरक कळू नये. त्याचे डोके थोराड, चोच जाड, माथा करडा-तपकिरी आणि जवळजवळ ठिपक्यांविना. छातीचा वरचा भाग सलग तपकिरी, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. पाय आखूड पण दांडगे, त्यांवर पांढऱ्या पिसांचे दाट आवरण. पंखांवर आणि शेपटीवर ठळक रुंद पट्टे. ही खूण लक्षात ठेवायची ती अशासाठी, की पुढच्या साऱ्या घोटाळ्यात माथ्यावरचे ठिपके आणि पोटावरचा पांढरा रंग पुन्हा पुन्हा आडवे येतात.

पिंगळ्याभोवतीचा लोकसमज मात्र तिघांनाही एकाच मापाने मोजतो. भल्या पहाटे कंदील घेऊन दारी येणारा पिंगळा जोशी आपल्याला या पक्ष्याची भाषा कळते असे सांगून घरादाराचे भविष्य वर्तवी. दुसरीकडे घुबड म्हटले की अपशकुन, त्याचे अंडे, नखे, पिसे म्हणजे करणीचे सामान. शहाद्या-तळोद्याच्या डोंगरात या समजाची किंमत रानपिंगळ्याला प्रत्यक्ष जिवाने मोजावी लागली, तो भाग पुढे येईल.

पहिला नमुना डिसेंबर १८७२ मधला. एफ. आर. ब्लेविट या इंग्रज अधिकाऱ्याने तो बसना-फुलझर भागात मिळवला. हा मुलूख आज छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात येतो. ब्लेविट ह्यूमसाठी पक्षी जमवणाऱ्यांपैकी एक होता. ह्यूम म्हणजे तेच, ज्यांचे नाव आपण १८८५ च्या मुंबईतल्या राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनामुळे शाळेत पाठ करतो. राजकारणात पडण्यापूर्वी या मुलकी अधिकाऱ्याने हिंदुस्थानभर पक्षिनिरीक्षकांचे जाळे विणले होते. कलेक्टर, पोलीस अधिकारी, रेल्वेचे इंजिनियर, मिशनरी असे कितीतरी लोक आपापल्या भागातले पक्षी टिपून, कातडी सोलून, कापूस भरून, चिठ्ठी बांधून सिमल्याला त्यांच्याकडे पाठवत. ‘स्ट्रे फेदर्स’ हे त्यांचे नियतकालिक १८७२ मध्ये सुरू झाले आणि त्यातच नव्या पिंगळ्याचे वर्णन छापले गेले. ह्यूमना हा पक्षी इतका वेगळा वाटला की त्यांनी त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजातीच केली, ‘हेटेरोग्लॉक्स’, आणि पुढे ब्लेविटचे नाव जोडले : हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी.

दुसरा नमुना व्हॅलेंटाइन बॉल यांचा. बॉल भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यात होते. कोळसा आणि खनिजे शोधत जंगले तुडवायची आणि वाटेत पक्षी टिपायचे असा त्यांचा शिरस्ता. १८७७ मध्ये त्यांना ओरिसाच्या खरियार भागात रानपिंगळा मिळाला. बसना आणि खरियार ही दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून फार लांब नाहीत, त्यामुळे हा पक्षी पूर्वेकडच्या जंगलांचा रहिवासी असावा असेच तोवर कोणालाही वाटले असते.

तिसरे नाव जेम्स डेव्हिडसन यांचे, आणि या कथेत खरे वजन त्यांचे आहे. मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतला हा अधिकारी पक्ष्यांच्या बाबतीत काटेकोर होता. सी. वेन्डेन यांच्यासह त्यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८७८ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये दिली होती. मग नेमणूक खानदेशात झाली. तेव्हा खानदेश हा धुळ्याहून चालणारा एकच अवाढव्य जिल्हा होता आणि शहादे, तळोदे हे तालुके त्याच्या वायव्य टोकाला, तापी आणि सातपुडा यांच्या मध्ये. पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची डेव्हिडसन यांची यादी १८८२ मध्ये प्रसिद्ध झाली. १८८० ते १८८४ या काळात त्यांनी याच दोन तालुक्यांत रानपिंगळे टिपले. बसन्यापासून शहादे सरळ रेषेत आठशे किलोमीटरहून अधिक पश्चिमेला आहे. म्हणजे पक्ष्याचा पसारा मोठा, पण नोंदी मात्र दोन टोकांनाच. मधल्या प्रदेशाबद्दल कोणी काहीच लिहिलेले नाही.

पुढे डेव्हिडसन यांची बदली कारवारकडे झाली आणि खानदेशात त्यांच्यासारखा दुसरा माणूस आला नाही. ह्यूम यांचा उत्साहही त्याच सुमारास मावळला. हिंदुस्थानच्या पक्ष्यांवरच्या नियोजित ग्रंथाची त्यांची हस्तलिखिते घरातून चोरीला गेली आणि बाजारात रद्दीच्या भावाने विकली गेली. खचलेल्या ह्यूमनी १८८५ मध्ये आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. ऐंशी हजारांच्या आसपास नमुने पेट्यांत भरून लंडनला रवाना झाले. रानपिंगळ्याचे नमुनेही त्यांत होते. ज्या देशात पक्षी जिवंत होता तिथे त्याची ओळख पटवायला तुलनेसाठी नमुना सहज हाताशी राहिला नाही आणि जिथे नमुने होते तिथून तो शोधायला कोणी निघाले नाही. ही स्थिती पुढची अनेक दशके टिकली.

या शांततेत एकच नोंद भर घालत होती, आणि ती खोटी होती. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन हे ब्रिटिश लष्करातले गुप्तवार्ता अधिकारी आणि नामांकित पक्षितज्ज्ञ. त्यांच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता. त्याच्या चिठ्ठीवर ठिकाण होते गुजरातमधले तापीकाठचे मांडवी आणि साल १९१४. हा नमुना खरा मानला तर दोन गोष्टी सिद्ध होत होत्या : एक, पक्षी १८८४ नंतर आणखी तीस वर्षे हयात होता, आणि दुसरी, शोध घ्यायचा तर मांडवीच्या आसपास घ्यायला हवा. मांडवी शहाद्याच्या पश्चिमेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. सर्वांत अलीकडची नोंद म्हणून शोध घेणाऱ्यांचे लक्ष स्वाभाविकपणे तिकडे गेले आणि तिथे झालेली पायपीट फुकट गेली. माइनर्ट्झहागेन यांनी १९५४ मध्ये वीस हजारांच्या घरातला आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला दान केला. या दानशूर गृहस्थावर त्याच म्युझियममधून पक्ष्यांची कातडी पळवल्याचा संशय तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच आला होता आणि काही काळ त्यांना पक्षी विभागात पाऊल टाकायलाही बंदी होती. ते १९६७ मध्ये वारले, तोवर हे सारे कुजबुजीपुरतेच राहिले.

सलीम अली आणि अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे डिलन रिपली या जोडीलाही रानपिंगळ्याचे कोडे सतावत होते. भारतीय उपखंडाच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा कोश तयार करताना त्यांना हा पक्षी केवळ जुन्या कातड्यांवरून वर्णावा लागला. रिपली यांनी स्वतः शोध घेतला, १९७६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये या पक्ष्यावर टिपण लिहिले, पण पक्षी मिळाला नाही. मध्ये एकदा छायाचित्रांसह तो दिसल्याचा दावाही झाला. ती छायाचित्रे साध्या पिंगळ्याची निघाली. माथ्यावरचे ठिपके कोणी नीट पाहिले नव्हते.

कोश आणि क्षेत्रपुस्तके यांतली जुनी माहिती पुढच्या पिढीला तपासून घ्यावी लागते, आणि ते काम रिपली यांच्यानंतर पामेला रासमुसेन यांच्याकडे आले. दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवरच्या नव्या ग्रंथासाठी त्या स्मिथसोनियनमध्ये काम करत होत्या. हा ग्रंथ पुढे २००५ मध्ये रिपली यांचेच नाव घेऊन प्रसिद्ध झाला. ब्रिटिश संग्रहातली कातडी आता लंडनजवळच्या ट्रिंग इथे आहेत. ॲलन नॉक्स यांनी १९९३ मध्येच माइनर्ट्झहागेन यांच्या काही नमुन्यांतली लबाडी उघड केली होती. रासमुसेन यांनी रॉबर्ट प्रिस-जोन्स यांच्यासह हा संग्रह बारकाईने तपासायला घेतला, तेव्हा एकामागून एक नमुने चोरीचे आणि खोट्या चिठ्ठ्यांचे निघू लागले. रानपिंगळ्याचा मांडवीचा नमुना त्यांतला सर्वांत बोलका.

प्रत्येक टिपणाऱ्याची कातडी भरण्याची तऱ्हा असते. कोणी मान आखडती घेतो, कोणी पाय वेगळे बांधतो, कोणी कापूस कोंबतो, कोणी सैल सोडतो. जाणत्या माणसाला ती हस्ताक्षरासारखी ओळखता येते. मांडवीच्या नमुन्यातला कापूस कोणीतरी उपसून नवा भरला होता, जुनी शिवण उसवली होती. तरी क्ष-किरण चित्रांत आणि आत चिकटून राहिलेल्या जुन्या कापसाच्या अंशात मूळ हात दिसत होता, आणि तो डेव्हिडसन यांचा होता. हा पक्षी १९१४ मध्ये मांडवीला कोणी टिपलाच नव्हता. तो तीसेक वर्षे आधी खानदेशात डेव्हिडसन यांनी टिपला, म्युझियममध्ये गेला, तिथून चोरीला गेला आणि नवी चिठ्ठी बांधून नव्या मालकाच्या नावाने परत तिथेच आला. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ही तपासणी १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात सविस्तर मांडली. पक्षिशास्त्रातल्या फसवणुकींत हे प्रकरण फार वरच्या पायरीवर बसते, कारण इथे चोरीमुळे एका जिवंत पक्ष्याचा पत्ताच बदलला होता.

मांडवी वगळल्यावर नकाशावर उरल्या त्या ब्लेविट, बॉल आणि डेव्हिडसन यांच्या जागा. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, न्यूयॉर्कचे बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे भारतात आले. आधी ते पूर्वेकडे गेले, छत्तीसगड आणि ओरिसाच्या जुन्या ठिकाणी. तिथे काही हाती लागले नाही. मग शहादे. डेव्हिडसन यांनी ज्या सपाटीवर पक्षी टिपले असतील तिथे आता जंगल उरलेले नव्हते. तापीच्या खोऱ्यातली काळी जमीन केव्हाच शेताखाली गेली होती. कापूस, केळी, आणि पुरुषोत्तमनगरच्या सहकारी साखर कारखान्यामुळे ऊस. कराडकराला हे दृश्य ओळखीचे वाटावे, फरक इतकाच की इथे उसाच्या फडामागे लगेच सातपुडा उभा राहतो. उरलेली झाडी त्या उतारांवरच होती, म्हणून तिघे तिकडे वळले.

२५ नोव्हेंबरच्या सकाळी साडेआठच्या सुमारास बेन किंग यांना एका निष्पर्ण झाडावर पिंगळा बसलेला दिसला. रासमुसेन यांनी दुर्बीण लावून एकेक खूण पडताळली. माथ्यावर ठिपके नाहीत. पोट पांढरे. पाय जाड आणि पिसांनी भरलेले. जगातली सगळी कातडी हाताळलेल्या माणसाला त्याहून जास्त पुराव्याची गरज नव्हती, पण जगाला होती. म्हणून पक्षी उडण्यापूर्वी त्याचे छायाचित्रण आणि चित्रीकरण झाले. पक्षी बराच वेळ उन्हात निवांत बसून राहिला. पुनर्शोधाची हकिकत रासमुसेन आणि किंग यांनी १९९८ मध्ये ‘फोर्कटेल’मध्ये दिली. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि शहादे-तळोदे त्यात गेले. त्यामुळे आज जुन्या आणि नव्या लेखांत जिल्ह्याचे नाव वेगवेगळे आढळते.

उन्हात निवांत बसणे हीच या पक्ष्याची सर्वांत महत्त्वाची सवय, आणि ती आधी कोणाला ठाऊक असती तर शोध इतका लांबला नसता असे म्हणायला जागा आहे. घुबड शोधायचे तर रात्री बाहेर पडायचे, कान लावायचा, हा साधारण रिवाज. रानपिंगळा मात्र दिवसाचा पक्षी आहे. थंडीच्या सकाळी तो उंच झाडाच्या शेंड्यावर येऊन ऊन खातो, शिकारही उजेडात करतो आणि दहानंतर बहुधा मंदावतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी १९९८ पासून तळोदे आणि तोरणमाळच्या राखीव वनांत जो अभ्यास केला, त्यातून या पक्ष्याचे आयुष्य पहिल्यांदा माणसांना कळले. तोवर त्याचा आवाजसुद्धा माहीत नव्हता. रासमुसेन आणि इश्तियाक यांनी तो १९९९ मध्ये वर्णिला.

शिकार करताना रानपिंगळा फांदीवर दगडासारखा बसतो आणि खालची जमीन न्याहाळतो. हलते ती फक्त शेपटी, डावीकडे-उजवीकडे झटक्याने. भक्ष्य टप्प्यात आले की झटके वाढतात. मग सरळ खाली झेप. त्याच्या आहारात साठ टक्क्यांच्या आसपास सरडे, सापसुरळ्या, पाली अशा सरपटणाऱ्यांचा वाटा निघाला. उंदीरवर्गीय प्राणी पंधरा टक्के, पक्षी फार थोडे, बाकी कीटक आणि बेडूक. सरडे उन्हाला बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्यावर जगणारे घुबड दिवसा जागे राहणार, यात नवल नाही.

विणीचा हंगाम ऑक्टोबर ते मे असा लांब, पण जोडी जमण्याची धांदल जानेवारी-फेब्रुवारीत. या दिवसांत नर-मादी एकमेकांना साद घालतात आणि हद्दीत दुसरा आला तर ओरडून विरोध करतात. घरटे म्हणजे झाडाची नैसर्गिक ढोली, जमिनीपासून पाच ते आठ मीटरवर, बहुधा मऊ लाकडाच्या जुन्या झाडात. साधारण दोन अंडी. मादी उबवते, नर शिकार आणून देतो, पिल्लांना भरवण्याचे काम मुख्यतः मादीकडे. पिल्ले तीस-बत्तीस दिवसांत उडू लागतात. अभ्यासकांना एक विचित्र गोष्टही दिसली : नराने स्वतःचीच पिल्ले मारून खाल्ली. माणसाच्या नीतीने याकडे पाहण्यात अर्थ नाही. अन्नटंचाई किंवा घरट्यावरचा ताण हे त्यामागचे संभाव्य कारण. पण ज्याच्या घरट्यात दोनच अंडी असतात त्या पक्ष्याची संख्या यामुळे किती हळू वाढत असेल, हे लक्षात घ्यावे लागते.

त्याला लागणारे रान म्हणजे साग, ऐन, सालई, रोहन, मोह, तेंदू यांचे पानझडी जंगल. झाडी अगदी दाट नको, कारण जमिनीवरचा सरडा वरून दिसला पाहिजे. आणि अगदी विरळही नको, कारण ढोल्या असलेली जुनी झाडे हवीत. गुरे चरतात, पायवाटा आहेत, मधे मोकळी जागा आहे, अशा रानात तो राहतो. अडचण ढोल्यांची. सरपणासाठी आणि इमारतीसाठी तोड होते तेव्हा वठलेले, पोकळ झाड आधी जाते. वनखात्याच्या जुन्या पद्धतीतही असे झाड निकामी समजून काढले जाई. एक पोकळ सालई गेली की एका जोडीची विणीची जागा गेली.

तळोदे-शहादे भागातल्या जंगलाच्या ऱ्हासाकडे फक्त पक्ष्याच्या बाजूने पाहिले तर न्याय होणार नाही. सपाटीवरच्या भिल्लांच्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कर्जापायी आणि लबाडीने इतरांच्या नावावर गेल्या. १९७० च्या दशकात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी उभारलेला शहाद्याचा लढा याच अन्यायातून आला. जमीन गमावलेला माणूस डोंगराकडे सरकला आणि जंगलात नांगर धरू लागला. त्यात सरदार सरोवराची भर पडली. नर्मदेच्या बुडिताखाली गेलेल्या महाराष्ट्रातल्या आदिवासी गावांच्या पुनर्वसनासाठी तळोद्याच्या जंगलातली सुमारे ४,२०० हेक्टर जमीन दोन टप्प्यांत मोकळी करण्यात आली. बुडालेल्या माणसांना जमीन द्यायलाच हवी होती. पण ती ज्या जंगलातून दिली, तिथे जगातून नाहीसा समजला गेलेला एक पक्षी अजून नांदत होता, हे ठरवताना कोणालाच माहीत नव्हते. ते कळले १९९७ मध्ये.

गोफण आणि बेचकी, करणीसाठी पकडलेले पक्षी, काढलेली अंडी, उंदरांसाठी शेतात टाकलेले विष, हे त्याच भागातले दुसरे संकट. घुबड विषाने मेलेला उंदीर खाते आणि स्वतः मरते. शेतकऱ्याचा उंदीर मारणारा फुकटचा गडी त्याच्याच हातून जातो. हे कराडच्या उसाच्या पट्ट्यातल्या साध्या पिंगळ्यालाही तितकेच लागू आहे, फक्त तो संख्येने पुष्कळ असल्याने कोणाच्या ध्यानात येत नाही.

पुनर्शोधानंतरचा पहिला मोठा प्रश्न होता, आणखी आहेत का? इश्तियाक आणि रहमानी यांनी जुन्या नोंदींच्या मुलखातली चौदा जंगले पालथी घातली. २००० मध्ये आलेला हिशेब असा होता : चार ठिकाणे, पंचवीस पक्षी. चारही ठिकाणे महाराष्ट्राचा उत्तर भाग आणि नैऋत्य मध्य प्रदेश यांतली; पूर्वेला, जिथे ब्लेविट आणि बॉल यांना तो मिळाला होता, तिथे काहीच नाही. त्याच सर्वेक्षणांत मेळघाटचे नाव पुढे आले आणि नंतरच्या कामाने मेळघाट हे रानपिंगळ्याचे सर्वांत भक्कम ठाणे ठरले. १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प म्हणून राखलेल्या या जंगलात वाघासाठी वाचवलेली जुनी झाडे या पाव किलोच्या पक्ष्यालाही उपयोगी पडली. पुण्याच्या वाइल्डलाइफ रिसर्च अँड कॉन्झर्व्हेशन सोसायटीच्या प्राची मेहता आणि जयंत कुलकर्णी यांनी मेळघाट आणि मध्य प्रदेशातल्या सागवनांत अनेक वर्षे काम करून आणखी जागा उजेडात आणल्या.

२०१४ हे साल आश्चर्याचे ठरले. त्या वर्षी रानपिंगळा दक्षिण गुजरातेत डांगच्या पूर्णा अभयारण्यात दिसला आणि ऑक्टोबरमध्ये ठाणे-पालघरच्या तानसा अभयारण्यात. तानसा म्हणजे मुंबईला पाणी पुरवणारा तलाव. शंभर किलोमीटरच्या आत कोट्यवधी माणसे, त्यांत पक्षिनिरीक्षक काही कमी नाहीत. तिथे हा पक्षी इतकी वर्षे नजरेआड राहिला. सातपुड्याचा समजला गेलेला पक्षी सह्याद्रीच्या उत्तर टोकापर्यंत पोहोचलेला आहे, हे या नोंदीने दाखवले. तानसा कराडपासून सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरवर आहे, तर शहादे जवळजवळ नाकासमोर उत्तरेला पावणेपाचशे किलोमीटरवर. मधला सह्याद्री दक्षिणेकडे अधिकाधिक ओला आणि सदाहरित होत जातो, सागाचे कोरडे रान मागे पडते. कोयना-चांदोलीत जंगली पिंगळ्याचा अंमल सुरू होतो.

२०१८ मध्ये दोन निकाल लागले. पहिला नावाचा. ह्यूम यांची स्वतंत्र प्रजाती पुढच्या लेखकांनी साध्या पिंगळ्याच्या ‘अथेनी’ प्रजातीत विलीन केली होती, तर रासमुसेन यांनी कवटी, पिसे आणि वर्तन पाहून ह्यूम यांचीच बाजू घेतली होती. पंकज कोपर्डे, प्राची मेहता आणि सहकाऱ्यांनी जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यात रानपिंगळा ‘अथेनी’ प्रजातीच्या आतच बसतो असे निघाले. दिसण्यातले वेगळेपण खरे, पण रक्ताचे नाते कराडच्या चिंचेवरच्या पिंगळ्याशीच. दुसरा निकाल आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचा : नव्या ठिकाणांमुळे या पक्ष्याला ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून ‘संकटग्रस्त’ या एक पायरी खालच्या वर्गात घेण्यात आले. पक्षी वाढले म्हणून हे झाले असे मानणे चूक ठरेल. आधी न शोधलेल्या जागी ते सापडले, इतकेच. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज तेव्हाही हजाराच्या आतला होता.

तोरणमाळच्या जंगलाला पुढे संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, तोच दर्जा सातारा जिल्ह्यात मायणीच्या पक्षी क्षेत्राला आहे. मेळघाट, तानसा आणि पूर्णा इथले रानपिंगळे अभयारण्याच्या कुंपणात आहेत. शहाद्या-तळोद्याचा उरलेला डोंगरउतार, जिथे डेव्हिडसन यांनी तो टिपला आणि जिथे तो परत सापडला, तिथे मात्र जुनी पोकळ झाडे उभी ठेवणे हे आजही वनखाते आणि पायथ्याची भिल्ल-पावरा गावे यांच्या समजुतीवरच अवलंबून आहे.